पाच नमुन्यांच्या ओजीटीटीवर मिनिमल मॉडेल बसवतोय, प२ भरकटतं. काय करू?

अवकल_जळगाव

नमस्कार मंडळी. एमएस्सी गणिताच्या प्रकल्पाला इन्सुलिन संवेदनशीलता आणि इन्सुलिन स्राव हा विषय घेतलाय. हाताशी साठेक जणांचा ओजीटीटीचा (ग्लुकोज प्यायला देऊन ठरावीक वेळांना रक्त तपासायची चाचणी) डेटा आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज, नमुने ०, ३०, ६०, ९० आणि १२० मिनिटांना, प्रत्येक वेळी ग्लुकोज आणि इन्सुलिन. निम्म्या लोकांचं सी-पेप्टाइडही (इन्सुलिनसोबतच स्रवणारा रेणू) आहे. वय, वजन, उंची आहेच. रक्त जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या तालुक्यांत घेतलंय, तपासणी मात्र एकाच लॅबमध्ये.

बर्गमनचं मिनिमल मॉडेल लावलं (′ म्हणजे मिनिटागणिक बदलाचा दर):

ग′ = −(प१ + क्ष)·ग + प१·गब
क्ष′ = −प२·क्ष + प३·(इ − इब)

ग म्हणजे ग्लुकोज, इ म्हणजे इन्सुलिन, गब आणि इब उपाशीपोटीचे आकडे, क्ष म्हणजे दूरच्या कप्प्यातली इन्सुलिनची कामगिरी. प१ म्हणजे इन्सुलिन वाढलं नसतानाही साखर उतरण्याचा दर, प२ म्हणजे क्ष ओसरण्याचा दर, प३ म्हणजे वाढलेलं इन्सुलिन क्ष ला किती चढवतं ते. संवेदनशीलता = प३/प२.

इथे प२ कुणाचं ०.००१ येतं, कुणाचं ०.४. सुरुवातीचा अंदाज बदलला की उत्तर बदलतं. काहींची संवेदनशीलता चक्क ऋण येते. दुसरं, स्रावाचं समीकरण याला जोडून २४ तास चालवलं तर इन्सुलिन चढतच जातं, थांबायचं नाव घेत नाही. तिसरं, होमा-बीटा (उपाशीपोटीच्या साखर-इन्सुलिनवरून काढलेली, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींची ताकद) काढलं तर अगदी सडपातळ माणसांचं २०० टक्क्यांच्या आसपास येतं. आणि शेवटी सरांना काही वर्षांचा प्रवास दाखवणारं मॉडेलही हवंय.

पायथनमध्ये काम करतोय. कुठून दुरुस्त करू?

---

सातपुडा_पायथ्याशी

ऋण संवेदनशीलतेचं कारण समीकरणातच आहे. तुम्ही लिहिलेलं मॉडेल १९७९ चं, शिरेतून ग्लुकोज देण्याच्या चाचणीसाठीचं. तिथे किलोमागे ०.३ ग्रॅम ग्लुकोज एका दमात शिरेत जातं, म्हणजे शून्याव्या मिनिटाला ग उंच असतो आणि तिथून उतरतो. बाहेरून आणखी काही येत नाही. तुमच्या लोकांनी ग्लुकोज प्यायलंय. आतड्यातून ते दोन तास झिरपत राहतं आणि समीकरणात त्याला जागाच नाही. मग गणकाला ग चढताना दिसतो, इन्सुलिनही चढताना दिसतं, आणि तो निष्कर्ष काढतो की इन्सुलिनने साखर वाढते. त्याचा काय दोष?

तोंडावाटेच्या चाचणीसाठी डाला मान, काउमो आणि कोबेली यांनी २००२ मध्ये याच मॉडेलचं तोंडी रूप दिलं. पहिल्या समीकरणात एक पद वाढतं:

ग′ = −(प१ + क्ष)·ग + प१·गब + र(व)/घ

र(व) म्हणजे व या वेळेला किलोमागे रक्तात येणाऱ्या ग्लुकोजचा दर, घ म्हणजे किलोमागे वितरणाचं घनफळ. र(व) चं सूत्र कुणालाच माहीत नसतं, म्हणून तो तुकड्यातुकड्यांच्या सरळ रेषांनी मांडायचा. गाठींच्या वेळा आपण ठरवायच्या, उंची गणकाने शोधायची. पहिली गाठ ० मिनिटाला, उंची शून्य.

आता मोजा. गाठींच्या चार-पाच उंच्या, शिवाय प१, प२, प३ आणि घ. अज्ञातं आठ-नऊ, आणि ग्लुकोजचे आकडे पाच, त्यातला पहिला तर गब म्हणूनच खर्ची पडला. हे सुटणार नाही, पायथन असो की आर. मूळ पद्धतीतही म्हणूनच काही गोष्टी आधीच बांधून टाकल्यात:

घ = १.४५ डेसिली/किलो, प१ = ०.०२५ प्रतिमिनिट. हे स्थिर धरा.
प२ ला ०.०१२ प्रतिमिनिटाच्या आसपास घट्ट पूर्ववितरण (डेटा बघण्याआधीचा अंदाज) द्या. पूर्ण मोकळं सोडू नका.
र(व) खालचं एकूण क्षेत्रफळ = ०.९ × ग्लुकोजचा डोस ÷ वजन. प्यायलेल्यापैकी ९० टक्के रक्तात पोहोचतं असं गृहीत. या एका अटीमुळे एक उंची आपोआप ठरते.

शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची, आणि विद्यार्थी नेमकी तीच गाळतात. ती नसेल तर «ग्लुकोज कमी शोषलं गेलं» आणि «इन्सुलिनने जास्त उचललं» यांतला फरक डेटावरून कळायला वाव नाही. दोन्हींत वक्र सारखाच दिसतो. १२० मिनिटांनंतरही थोडं शोषण चालूच असतं, त्यामुळे त्यापुढची शेपटी घातांकी उताराने शून्याकडे न्यावी लागते. नाहीतर ९० टक्के दोन तासांतच कोंबले जातात आणि संवेदनशीलता फुगते.

प२ खरंच ठरतंय का ते तपासायला सोपी युक्ती आहे. प२ ला ०.००५, ०.०१, ०.०२, ०.०४ असं एकेका ठिकाणी खिळवा, बाकीचं बसवा आणि दर वेळी उरलेल्या चुकांच्या वर्गांची बेरीज मांडा. आलेख सपाट आला की समजा, डेटाला प२ बद्दल काही म्हणायचंच नाही. तुमच्या पाच नमुन्यांवर तो सपाटच येईल, लिहून देतो.

दोन बारीक गोष्टी. प्राचलं थेट न शोधता त्यांचे लॉगरिदम शोधा, म्हणजे ऋण उत्तराचा प्रश्न मुळातच मिटतो (पण मॉडेल चुकीचं असताना हे केलंत तर रोग झाकला जाईल, म्हणून आधी र(व) घाला). आणि इन्सुलिन हे इथे बाहेरून दिलेलं फलन आहे, दोन नमुन्यांमध्ये सरळ रेषेने जोडलेलं. तुमच्याकडे ० आणि ३० मध्ये काहीच नाही, आणि पहिला चढ तिथेच असतो. पुढच्या वेळी ०, १०, २०, ३०, ६०, ९०, १२० असे सात नमुने घ्या. दोन तासांच्या तोंडी मिनिमल मॉडेलसाठी हेच सात वापरात आहेत.

पाच नमुन्यांवर माझं मत स्पष्ट आहे: मॉडेल बसवण्याचा हट्ट सोडा, मात्सुदा निर्देशांक (ओजीटीटीच्या आकड्यांवरून थेट निघणारं संवेदनशीलतेचं माप) काढा. बसवायचंच असेल तर सगळ्या साठ जणांचं एकत्र, मिश्र-परिणाम पद्धतीने बसवा. एकेकट्याचं नको.

२४ तासांच्या घोळाचं कारण वेगळं. तुम्ही जोडलेलं स्रावाचं समीकरण बहुधा असं आहे: ग उंबरठ्याच्या वर असेल तेव्हा स्राव = गॅमा × (ग − उंबरठा) × वेळ. त्यातली «वेळ» म्हणजे इंजेक्शनपासूनची मिनिटं. तीन तासांच्या चाचणीत दुसऱ्या टप्प्याचा स्राव हळूहळू वाढतो, ते दाखवायला ती घातलीय. दिवसभर चालवलंत की घड्याळच इन्सुलिन वाढवायला लागतं. दे गाएतानो आणि आरिनो यांनी २००० मध्ये हे गणिती पद्धतीने दाखवलं: दोन्ही मिनिमल मॉडेलं जोडली आणि उपाशीपोटीची साखर उंबरठ्याच्या वर असली, तर तोल राहतच नाही, क्ष वाढत जातो. ती दोन मॉडेलं एकेकटी बसवण्यासाठी आहेत, जोडून पळवण्यासाठी नाहीत.

---

कोष्टक

एकक तपासा आधी. निम्मे घोळ तिथेच असतात.

ग्लुकोज मिग्रॅ/डेसिली ÷ १८ = मिलिमोल/लिटर. इन्सुलिन मायक्रोयुनिट/मिली × ६ = पिकोमोल/लिटर, पण काही किटांच्या माहितीपत्रकात ६.९४५ ने गुणायला सांगितलेलं असतं, म्हणून लॅबने कोणता गुणक वापरला ते विचारा. सी-पेप्टाइड १ नॅनोग्रॅम/मिली = ३३१ पिकोमोल/लिटर. होमा-आयआरमध्ये (उपाशीपोटीची साखर × इन्सुलिन, इन्सुलिन-प्रतिरोधाचं माप) साखर मिलिमोलमध्ये असेल तर भागाकार २२.५ ने, मिग्रॅमध्ये असेल तर ४०५ ने. एकाच शीटमध्ये दोन्ही दिसले की सगळं पुन्हा काढायचं.

---

परीक्षानळी_धुळे

वरच्यांनी गणित सांगितलं, मी नळीकडून बोलते. सडपातळ माणसांचं २०० टक्के होमा-बीटा पाहून आधी नमुना किती वेळ नळीत पडून होता ते विचारा.

रक्त नळीत गेलं तरी पेशी जिवंतच असतात आणि साखर खातात. साध्या तापमानाला तासाला ५ ते ७ टक्के साखर कमी होते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात, भुसावळ-जळगावला पारा ४५ ला टेकलेला असताना, त्याहून भराभर. फ्लोराइडची राखाडी झाकणाची नळी वापरली म्हणजे प्रश्न मिटला असं समजू नका. फ्लोराइड साखळीच्या खालच्या टोकाच्या एनोलेजला अडवतं, वरची एन्झाइमं मधल्या काळात चालूच राहतात, त्यामुळे पहिला तास-दीड तास गळती होतच राहते. नळी लगेच बर्फाच्या पाण्यात आणि अर्ध्या तासात सेंट्रिफ्यूज, हाच खरा उपाय. नाहीतर सायट्रेट असलेली नळी.

आता होमा-बीटावर काय होतं बघा. सूत्र: ३६० × इन्सुलिन ÷ (साखर − ६३). समजा खरी साखर ९०, इन्सुलिन ८. होमा-बीटा = २८८० ÷ २७ = १०७ टक्के. नंदुरबारच्या धडगावहून नळी तशीच आली, दोन तासांत साखर ८० झाली. २८८० ÷ १७ = १६९ टक्के. तोच माणूस, तेच स्वादुपिंड. होमा-आयआर मात्र १.७८ चं १.५८ झालं, म्हणजे फरक जेमतेम ११ टक्के. ६३ च्या जितकं जवळ जाल तितका भाजक लहान होतो आणि चूक तितकी मोठी. साखर ७२ आणि इन्सुलिन ५ असेल तर सूत्र बिनदिक्कत २०० टक्के सांगतं. ६३ किंवा त्याखाली गेलं की सूत्र वापरायचंच नाही.

तुमच्या डेटात तीन जिल्हे आणि एक लॅब आहे, म्हणजे प्रवासाचा वेळ जिल्ह्यागणिक वेगळा. नंदुरबारकरांचा बीटा जास्त जोमदार निघाला तर लगेच शोधनिबंध लिहायला बसू नका. नमुना घेतल्याची वेळ आणि सेंट्रिफ्यूजची वेळ, दोन रकाने मागवून घ्या. फरक तासाच्या वर असलेल्या नळ्यांवर खूण करा.

इन्सुलिनची गोष्ट वेगळी आहे. नमुन्यात लाल पेशी फुटल्या, सीरम गुलाबी दिसलं, की पेशींतून इन्सुलिन तोडणारं एन्झाइम बाहेर येतं आणि इन्सुलिन खोटं कमी दिसतं. सी-पेप्टाइडला याची झळ कमी लागते. ईडीटीएच्या नळीत इन्सुलिन बरंच टिकतं. गुलाबी नमुन्यातलं इन्सुलिन मॉडेलमध्ये घातलंत तर माणूस विनाकारण संवेदनशील दिसणार. कुणी केसांसाठी-नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या गोळ्या घेत असेल तरी काही किटांवर इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड दोन्ही कमी येतात. विचारलेलं बरं.

आणि ते ७५ ग्रॅम. ७५ ग्रॅम निर्जल ग्लुकोज हवं, २५० ते ३०० मिली पाण्यात, पाच मिनिटांत संपवायचं. मोनोहायड्रेट पावडर असेल तर ८२.५ ग्रॅम घ्यावी लागते. ७५ ग्रॅम मोनोहायड्रेट दिलं असेल तर प्रत्यक्षात ६८.२ ग्रॅमच पोटात गेलं. सातपुड्यांनी सांगितलेल्या क्षेत्रफळाच्या अटीत डोस थेट येतो, म्हणजे ९ टक्के चूक तिथेच. घड्याळ पहिल्या घोटापासून लावायचं, ग्लास रिकामा झाल्यापासून नव्हे. आधीचे तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. श्रावणात उपास चालू असणाऱ्या माणसाची चाचणी घेतलीत तर दोन तासांची साखर खोटी चढलेली दिसू शकते.

---

अवकल_जळगाव

मनापासून आभार. र(व) घातला, क्षेत्रफळाची अट लावली, प२ बांधलं. ऋण आकडे गेले. प२ चा आलेख खरंच सपाट आला. इन्सुलिनच्या रकान्यात दोन एककं मिसळलेली होती, तेही निघालं. ताई, वेळांचे रकाने मागवले आहेत.

आता पुढचं. सरांना डिस्पोझिशन निर्देशांक हवाय, म्हणजे संवेदनशीलता गुणिले स्राव. मी होमा-बीटा ÷ होमा-आयआर काढलं आणि आलेख इतका सुरेख आला की शंकाच आली. शिवाय मात्सुदाचं माझं उत्तर आणि मित्राच्या शीटमधलं उत्तर जुळत नाही. सी-पेप्टाइड नेमकं कुठे वापरू?

---

सातपुडा_पायथ्याशी

शंका बरोबर आली. कागद घ्या आणि भागाकार मांडा:

होमा-बीटा ÷ होमा-आयआर = [३६०·इ ÷ (ग − ६३)] × [४०५ ÷ (ग·इ)] = १४५८०० ÷ [ग·(ग − ६३)]

इ कटला! तुमचा डिस्पोझिशन निर्देशांक फक्त उपाशीपोटीच्या साखरेचं फलन आहे. इन्सुलिन मोजायला खर्च केलेले पैसे त्यात कुठेच नाहीत. आलेख सुरेख येणारच. हे असं छापूनही येतं, म्हणून विशेष सांगतो: दोन्ही अक्षांवर उपाशीपोटीचं इन्सुलिन असेल तर अतिवलय (संवेदनशीलता × स्राव = स्थिर असा वक्र) डेटातून येत नाही, सूत्रातून येतं.

स्रावाचं माप डायनॅमिक हवं आणि संवेदनशीलतेचं माप त्यापासून शक्य तितकं स्वतंत्र. बर्गमन आणि नंतर १९९३ मध्ये कान वगैरेंनी जे अतिवलय दाखवलं त्यात स्राव म्हणजे शिरेतून ग्लुकोज दिल्यावर पहिल्या दहा मिनिटांतला इन्सुलिनचा उसळा होता, उपाशीपोटीचा आकडा नव्हे. ओजीटीटीत त्याच्या जागी इन्सुलिनोजेनिक निर्देशांक: ३० मिनिटांतली इन्सुलिनची वाढ ÷ ३० मिनिटांतली साखरेची वाढ.

काल्पनिक आकडे घेऊन करून दाखवतो. साखर ९६, १६२, १७८, १५०, १२८. इन्सुलिन १२, ६८, ९०, ८४, ७०.

इन्सुलिनोजेनिक = (६८ − १२) ÷ (१६२ − ९६) = ५६ ÷ ६६ = ०.८५.

मात्सुदा = १०००० ÷ √(९६ × १२ × सरासरी साखर × सरासरी इन्सुलिन). पाच आकड्यांची साधी सरासरी घेतली तर साखर १४२.८, इन्सुलिन ६४.८, उत्तर ३.०६. समलंब चौकोनांच्या रीतीने क्षेत्रफळ काढून १२० ने भागलं तर साखर १५०.५, इन्सुलिन ७०.७५, उत्तर २.८६. तुमचं आणि मित्राचं भांडण बहुतेक इतकंच आहे. कोणतीही रीत घ्या, पण एकच घ्या आणि प्रबंधात लिहा.

गुणाकार: ०.८५ × ३.०६ = २.६. या आकड्याला एकटं काही अर्थ नाही, किट बदललं की तो बदलतो. एकाच लॅबच्या माणसांची आपापसात तुलना, एवढंच त्याचं काम. ३० मिनिटांची साखर उपाशीपोटीइतकीच किंवा त्याहून कमी असेल तर निर्देशांक अनंताकडे जातो किंवा ऋण होतो. असे लोक वेगळे काढा आणि किती काढले ते लिहा.

अतिवलय तपासायचं तर दोन्ही बाजूंचे लॉगरिदम घेऊन उतार −१ येतो का बघतात. साधी प्रतिगमन रेषा लावू नका. क्ष-अक्षावरच्या मापातही चूक असते, त्यामुळे साधा उतार शून्याकडे दबतो आणि −०.६ पाहून तुम्ही म्हणाल «अतिवलय नाही». दोन्ही अक्षांवरची चूक धरणारी डेमिंगची रीत किंवा भौमितिक सरासरीची रेषा घ्या.

सी-पेप्टाइडबद्दल. बीटा पेशी इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड समसमान रेणू सोडतात. इन्सुलिन आधी यकृतातून जातं आणि निम्म्याच्या आसपास तिथेच संपतं. हे प्रमाणही माणसागणिक बदलतं. हाताच्या शिरेत सापडतं ते उरलेलं. सी-पेप्टाइडला यकृत जवळजवळ हात लावत नाही. म्हणजे शिरेतलं इन्सुलिन जास्त दिसलं तर स्राव जास्त की यकृताची उचल कमी, हे इन्सुलिनवरून कळत नाही. सी-पेप्टाइडवरून कळतं.

पण सी-पेप्टाइड रक्तात रेंगाळतं, त्याचं अर्धायुष्य अर्ध्या तासाच्या घरात, इन्सुलिनचं चार-सहा मिनिटं. म्हणून ते आकडे म्हणजे स्राव नव्हे. दोन कप्प्यांचं मॉडेल लावून मागे जावं लागतं. प्रत्येकाची गतिकी मोजणं शक्य नसतं, म्हणून व्हॅन कॉटर वगैरेंनी १९९२ मध्ये दिलेली वय, लिंग, शरीराचं क्षेत्रफळ आणि लठ्ठपणा-मधुमेह यांवरून काढायची प्रमाण प्राचलं वापरतात. लहान अर्धायुष्य ५ मिनिटांच्या किंचित खाली, मोठं अर्ध्या तासाच्या थोडं वर, वयानुसार वाढणारं. मूत्रपिंड कमजोर असेल तर ही प्राचलं लागू नाहीत, सी-पेप्टाइड साचतं आणि स्राव खोटा जास्त दिसतो. क्रिएटिनिन बघून घ्या.

मागे जाताना कच्चं डीकॉनव्होल्यूशन (रक्तातल्या आकड्यांवरून थेट उलटं गणित करून स्राव काढणं) करू नका. मोजणीतली दोन-चार टक्क्यांची चूक वाढून स्राव झिगझॅग होतो, मध्येच ऋण होतो. गुळगुळीतपणाची शिक्षा लावा आणि स्राव ≥ ० ही अट ठेवा.

---

तापीचा_गाळ

वर्षांच्या मॉडेलबद्दल कुणी बोललं नाही, तर ते मी घेतो.

टॉप, फाइनगुड आणि त्यांचे सहकारी, २०००. तीन समीकरणं: साखर, इन्सुलिन आणि बीटा पेशींचं वस्तुमान ब. इथे वेळ दिवसांत.

ग′ = ८६४ − (१.४४ + स·इ)·ग
इ′ = ब·४३.२·ग² ÷ (२०००० + ग²) − ४३२·इ
ब′ = (−०.०६ + ०.०००८४·ग − ०.०००००२४·ग²)·ब

स ही संवेदनशीलता, निरोगी माणसात ०.७२. कोड लिहायच्या आधी हाताने समतोल काढा, दहा मिनिटांचं काम आहे आणि नंतरचे दहा तास वाचतात. तिसऱ्या समीकरणाचा कंस शून्य होतो ग = १०० आणि ग = २५० ला. १०० ला इ = (८.६४ − १.४४) ÷ ०.७२ = १०, आणि ब = ३०० मिग्रॅ. हा स्थिर समतोल. २५० चा अस्थिर, तो उंबरठा. तिसरा समतोल ब = ०, इ = ०, ग = ८६४ ÷ १.४४ = ६००. प्रोग्रॅमने हे आकडे दिले नाहीत तर टंकनात चूक आहे, दुसरं काही शोधत बसू नका. बहुतेक वेळा ०.०००००२४ मधलं एक शून्य पडलेलं असतं.

आता स निम्मी करून ०.३६ करा. ब लगेच हलत नाही, म्हणून साखर एक-दोन दिवसांत १३३ वर जाऊन बसते. तिथे कंसाची किंमत ०.००९३, म्हणजे ब दिवसाला ०.९३ टक्क्यांनी वाढायला लागतो आणि साखर उतरते तसा वाढीचा वेगही मंदावतो. शेवटी साखर पुन्हा १००, इन्सुलिन २०, ब ६००. स × इ आधीही ७.२ आणि नंतरही ७.२. तुमचं अतिवलय इथे कुणी हाताने घातलेलं नाही, तिसऱ्या समीकरणातून ते आपोआप पडतं. करीन आणि अलोन वगैरेंनी २०१६ मध्ये याच गुणाला «डायनॅमिकल कॉम्पेन्सेशन» म्हटलं.

मजा पुढे आहे. कंसाची कमाल किंमत ग = १७५ ला येते, ०.०१३५. म्हणजे या मॉडेलमध्ये बीटा पेशी जास्तीत जास्त दिवसाला १.३५ टक्के वाढू शकतात, दुप्पट व्हायला किमान ५१ दिवस. संवेदनशीलता याहून भरभर घसरत राहिली तर कितीही ताकद असली तरी ब मागे पडणारच, साखर २५० ओलांडणार, आणि तिथून पुढे ब वाढायचं सोडून मरायला लागतो. उलट संवेदनशीलता एका वर्षात निम्मी होईल अशा संथ गतीने (दिवसाला ०.१९ टक्के) घसरली तर साखर १०५-१०६ वरच तरंगते. एका झटक्यात उंबरठा ओलांडायचा तर ब = ३०० असताना स ०.०८९ च्या खाली, म्हणजे एक-अष्टमांशाहून कमी व्हावी लागते. म्हणून सरांना दाखवताना स चा शेवटचा आकडा बदलून एक आलेख आणि घसरणीचा वेग बदलून दुसरा आलेख द्या. नुसता पहिला दिलात तर मॉडेलचा जीवच दाखवायचा राहिला.

कोडमध्ये हमखास फसायची जागा: ४३२ हा दर. इन्सुलिनचं घड्याळ मिनिटांत, बीटाचं महिन्यांत. ऑयलरच्या साध्या रीतीत पायरी २/४३२ दिवस, म्हणजे ६.७ मिनिटांहून मोठी घेतली की इन्सुलिन उड्या मारत अनंताला जातं. तासाची पायरी घेऊन «मॉडेल अस्थिर आहे» असं लिहिलेले प्रकल्प आहेत. अस्थिर मॉडेल नाही भो, पायरी आहे. साय-पायमध्ये सॉल्व्ह-आयव्हीपीला पद्धत एलसोडा किंवा बीडीएफ सांगा. नाहीतर इन्सुलिन थेट समतोलात धरा, इ = ब·४३.२·ग² ÷ [४३२·(२०००० + ग²)], आणि दोनच समीकरणं सोडवा. मग तासाची पायरीही चालते.

मर्यादा प्रबंधात लिहायलाच हव्यात. बीटा पेशींची प्राचलं बरीचशी उंदीर-घुशींच्या प्रयोगांवरून आलीत. मोठ्या माणसात बीटा पेशींचं वस्तुमान इतक्या सहज दुप्पट होत नाही, भरपाई मुख्यतः असलेल्या पेशींनी जास्त काम करून होते. म्हणून जून हा, सॅटिन आणि शेरमन या संशोधकांच्या २०१६ च्या मॉडेलमध्ये वस्तुमान अगदी संथ ठेवून पेशींच्या कार्यक्षमतेला मधल्या गतीचं वेगळं समीकरण दिलंय. वेळ असेल तर तेच घ्या. नसेल तर टॉपच्या मॉडेलमधल्या ब ला «वस्तुमान» म्हणण्याऐवजी «एकूण स्रावक्षमता» म्हणा, निम्मे आक्षेप तिथेच बोथट होतात.

आणखी एक. हे मॉडेल «आधी संवेदनशीलता घसरते, मग बीटा थकतो» या क्रमावर उभं आहे. आपल्याकडे सडपातळ माणसांतही मधुमेह भरपूर दिसतो. पुण्याच्या डॉ. याज्ञिकांनी दाखवलंय की आपली बाळं वजनाने कमी पण चरबीने तितकी कमी नसतात, आणि अशा शरीरात स्रावक्षमता मुळातच बेताची असू शकते. ब ची सुरुवात ३०० ऐवजी १५० ने करून पाहाल तर काही फरक राहणार नाही, मॉडेल त्याला पुन्हा ३०० वर नेऊन सोडेल. जन्मजात कमी क्षमता दाखवायची तर कंसातला ०.०६ हा मृत्यूदर वाढवावा लागतो, किंवा ब ला वरची मर्यादा घालावी लागते. ०.०६ चा ०.०६३ केला तरी समतोल १०० चा १०९ होतो आणि उंबरठा २५० चा २४१. ०.०७३५ च्या पुढे दोन्ही समतोल एकमेकांत विरून जातात.

---

परीक्षानळी_धुळे

वर्षांचं मॉडेल पडताळायला तुम्ही एचबीए१सी (लाल पेशींवर चढलेल्या साखरेवरून गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरीचा अंदाज) वापराल, म्हणून आधीच सांगते. सरासरी साखर = २८.७ × एचबीए१सी − ४६.७ हे सूत्र लाल पेशी पूर्ण आयुष्य जगतात असं धरून आहे. नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे. सिकलसेलच्या रुग्णात पेशी लवकर मरतात, त्यांच्यावर साखर चढायला वेळच मिळत नाही आणि एचबीए१सी खोटं कमी येतं. नुसता वाहक असेल तर काही तपासणी यंत्रांवर आकडा वर-खाली होतो, यंत्र कोणतं ते लॅबला विचारा. लोह कमी असेल तर उलट, आकडा वाढलेला दिसतो. त्या तालुक्यांतल्या लोकांसाठी सिकलसेलची तपासणी झालीय का ते कार्डावर बघा. नसेल तर त्यांचं एचबीए१सी मॉडेलमध्ये घेऊ नका, उपाशीपोटीची आणि दोन तासांची साखरच घ्या.